अकरा महिन्यांची ऑर्डर आणि दीड एकर वावर

आलेलं पत्र, थोडक्यात:

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला असलेल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारी मुलगी 26 वर्षांची, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र झालेली. घरी पाच एकर कोरडवाहू वावर आहे. त्यात पऱ्हाटी (कापूस), सोयाबीन आणि तुरीच्या ओळी. भाऊ बारावीला. तीन वर्षं तिने तलाठी, वनरक्षक अशा परीक्षा दिल्या, पण यादीत नाव लागलं नाही. आता दोन गोष्टी एकदम समोर आल्या आहेत. एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्रावर, कापसावरच्या प्रकल्पात, प्रकल्प सहायक म्हणून तिची निवड झाली आहे. दरमहा 20,000 रुपये ठोक मानधन, ऑर्डर अकरा महिन्यांची. दुसरीकडे तिच्या मामांच्या ओळखीचा एक माणूस सांगतो, की विद्यापीठात प्रयोगशाळा परिचराच्या जागा निघणार आहेत, काम पक्कं करून देतो, एकूण 8 लाख लागतील, त्यातले 2 लाख आत्ता द्या. वडील रस्त्यालगतचं दीड एकर विकायला तयार आहेत. ती लिहिते: "एम.एस्सी. करून बाटल्या धुवायच्या का, हे एक मनात येतं. आणि अकरा महिन्यांसाठी घर सोडायचं का, हे दुसरं. बाबा म्हणतात कंत्राटी म्हणजे रोजंदारीच. स्थळं येतात तेव्हाही पहिलं तेच विचारतात, पर्मनंट आहे का? मी काय करू?"

उत्तर:

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की तू दोन प्रश्न विचारले आहेस, पण घाई तिसऱ्याच गोष्टीची आहे. ते 2 लाख अजून दिलेले नसतील, तर देऊ नका. बाकी सगळं आपण सावकाश बोलू, हे मात्र आजच घरात सांग.

कारण असं. त्या माणसाकडे जाहिरात नाही. जागा "निघणार आहेत" एवढंच तो सांगतो. पदसंख्या किती, आरक्षणाचा तक्ता काय, परीक्षा कोण घेणार, यातलं काहीच ठरलेलं नसताना तो नेमकं काय विकतो आहे? या धंद्याची रीत मी अनेक वर्षं जवळून पाहिली आहे. वीस जणांकडून पैसे घ्यायचे आणि करायचं काहीच नाही. वीसातली दोन-तीन पोरं स्वतःच्या अभ्यासावर लागतातच. त्यांचे पैसे ठेवून घ्यायचे आणि "बघा, मी लावून दिलं" म्हणून गावभर नाव करायचं. उरलेल्यांना "पुढच्या भरतीत बघू" म्हणत वर्षानुवर्षं फिरवायचं. त्यांच्यापैकी पोलिसांत कोणी जात नाही, कारण पैसे देणाऱ्यालाही आपण काय केलं ते माहीत असतं. आणि तो माणूस खरंच आतून काम करणारा असला, तर गोष्ट आणखी वाईट आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा, त्यात 2018 साली दुरुस्ती झाली आणि लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कोणी बळजबरीने द्यायला लावली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच देणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक 1064 आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू दे.

आता हिशेब. परिचराचं पद गट ड मधलं. सातव्या वेतन आयोगात त्याचं मूळ वेतन 15,000 पासून सुरू होतं. म्हणजे 8 लाख हे जवळजवळ साडेचार वर्षांचं मूळ वेतन झालं. वर महागाई भत्ता, घरभाडं मिळेल हे खरं, पण रस्त्यालगतचं दीड एकर एकदा गेलं की पगारातून पुन्हा घेता येत नाही, हे तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

बाबांवर चिडू नकोस. कास्तकार माणूस धुऱ्याच्या हातभर जागेसाठी कोर्टापर्यंत जातो, तो दीड एकर द्यायला निघाला आहे, तो तुझ्यासाठी. त्यांना "तुम्ही चुकता" म्हणण्यापेक्षा मामांकडून एकच गोष्ट मागायला सांग: जाहिरात क्रमांक आणि तारीख. मामांचा अपमान होत नाही, आणि तो माणूस याचं उत्तर देऊ शकणार नाही. तो म्हणेल, "तेवढा विश्वास नाही का?" त्यावर बाबांनी म्हणावं, "जाहिरात येऊ द्या, मग बसू."

आता तुझा पहिला प्रश्न, बाटल्या धुण्याचा. तो मला थोडा लागला, हे मोकळेपणाने सांगते. मी जिथे काम केलं त्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत एक परिचर काका होते. सातवी शिकलेले. आमच्याकडे केल्डाल पद्धतीने नत्र काढायचे, दिवसाला चाळीस-चाळीस नमुने. एकदा सकाळी काका म्हणाले, "मॅडम, आजचं पाणी बरोबर नाही." ऊर्ध्वपातन यंत्राच्या आत थर धरला होता आणि वाफेचा आवाज त्यांना वेगळा वाटला होता. आम्ही कोरा नमुना, म्हणजे माती न घातलेला, तपासला, तर आकडा नेहमीपेक्षा वर. त्या दिवशीचे चाळीस नमुने वाचले. ते काका नसते, तर कुठल्यातरी प्रबंधात चुकीचे आकडे छापले गेले असते आणि कोणाला कधी कळलं नसतं. काचेचं भांडं आम्लाने, मग साध्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुणं हा प्रयोगाचाच भाग असतो. तेव्हा ते काम हलकं आहे म्हणून नाही म्हणू नकोस.

पण ते तुझ्यासाठी योग्य आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. परिचराला बहुधा दहावीची अट असते. अधिक शिकलेल्यांना चालतं की नाही, हे त्या-त्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. चालत असेल तर अर्ज जरूर कर, पण शिक्षण लपवून करू नकोस. पडताळणीत ते निघतंच. माझं मत विचारशील तर तुझी पहिली नजर प्रयोगशाळा सहायक, संशोधन सहायक, तंत्र सहायक अशा पदांवर असावी. तुझी पदवी तिथे मोजली जाते. परिचराच्या पदावर ती बाजूला पडते, आणि पदोन्नतीच्या रांगेत दहा-बारा वर्षं गेल्यावर मनाला लागायला लागतं. असं झालेली दोन-तीन माणसं माझ्या ओळखीची आहेत. चांगली माणसं, पण रोज थोडी कडवट होत गेली.

तुझ्या पत्रात विद्यापीठ म्हटलं की वर प्राध्यापक आणि खाली परिचर, एवढंच दिसतं. मधला सगळा भाग तू पाहिलेला नाहीस, आणि त्यात तुझी चूक नाही. कॉलेजात आपल्याला कोणी तो दाखवत नाही. आपल्या विदर्भात बघ. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून आहे, आणि ते फक्त अकोल्यात नाही. यवतमाळला त्याचं संशोधन केंद्र आहे, सिंदेवाहीला आहे, अमरावतीला, साकोलीला, काटोलला आहे. नागपूर विद्यापीठ 1923 चं. अमरावतीचं 1983 चं. गडचिरोलीचं गोंडवाना 2011 चं. नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. केंद्र सरकारची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था, मृद सर्वेक्षणाची संस्था आणि पर्यावरण संशोधनाची नीरी ही सगळी एकट्या नागपूर शहरात आहेत. कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, आणि एका केंद्राला मंजूर मनुष्यबळ 16 असतं: प्रमुख, सहा विषय विशेषज्ञ, प्रक्षेत्र व्यवस्थापक, कार्यक्रम सहायक, लेखापाल, चालक असे.

या सगळ्या ठिकाणी काम दोन रस्त्यांनी मिळतं. एक रस्ता मंजूर पदांचा. जाहिरात, लेखी परीक्षा, गुणवत्ता यादी. हा लांबचा आहे. जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि मग एकदम निघतात. दुसरा रस्ता प्रकल्पांचा. दिल्लीहून किंवा मुंबईहून एखाद्या विषयासाठी तीन-पाच वर्षांचा निधी येतो आणि त्यातून माणसं घेतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्र म्हणजे जेआरएफ, प्रकल्प सहयोगी, प्रकल्प सहायक, क्षेत्र अन्वेषक, यंग प्रोफेशनल, अशी नावं असतात. यांच्या जाहिराती मोठ्या पेपरात फारशा येत नाहीत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एका पानाची पीडीएफ टाकतात, थेट मुलाखतीची तारीख दहा-पंधरा दिवसांवरची असते, आणि आपल्या गावात ती कळते तेव्हा मुलाखत होऊन गेलेली असते. म्हणून दर सोमवारी या संस्थांची संकेतस्थळं उघडून बघायची सवय लाव. तुझ्यासारख्या इतर वाचकांनाही हेच सांगेन. अर्धा तास लागतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कृषी विद्यापीठातल्या कृषी सहायकासारख्या पदांना कृषीचीच पदविका किंवा पदवी लागते. तुझं वनस्पतिशास्त्र तिथे चालणार नाही. प्रकल्पांच्या जाहिरातीत मात्र बऱ्याचदा "एम.एस्सी. कृषी किंवा वनस्पतिशास्त्र किंवा जीवशास्त्र" असं असतं. अर्हतेची ओळ शब्द न् शब्द वाचायची. "समकक्ष" या एका शब्दावर भांडत बसून अर्ज बाद झालेली पोरं मी पाहिली आहेत.

पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी इथेच सांगून टाकते. ग्रंथालयशास्त्राची पदवी असेल तर विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. बी.कॉम. असेल तर प्रकल्पांचा हिशेब ठेवणारा माणूस प्रत्येक विभागाला हवा असतो, आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेवर तयार करणारा मिळाला तर त्याला कोणी सोडत नाही. आयटीआय झालेल्यांना यंत्रशाळा, वीज विभाग, प्रक्षेत्रावरचे पंप आणि ट्रॅक्टर आहेत. लिपिकाच्या पदाला बहुधा मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं टंकलेखन लागतं. एमएस-सीआयटी तर सगळीकडेच. हे कागद जाहिरात निघाल्यावर काढायला गेलं तर होत नाहीत.

आता तुझ्या हातात असलेल्या प्रकल्पाविषयी. तू लिहिलंस, "मला संशोधनातलं काही येत नाही, मी नुसती परीक्षा दिली आहे." हे मला पटत नाही. कापसावरचा प्रकल्प आहे, गावोगाव जाऊन पाहणी करायची आहे. मी अशा पाहण्यांचे फॉर्म तपासले आहेत. एका फॉर्मवर "सिंचन आहे का? होय / नाही" असा रकाना होता. शहरातून आलेल्या मुलाने एका गावात वीसच्या वीस कास्तकारांपुढे "होय" लिहून आणलं, कारण प्रत्येकाच्या वावरात विहीर होती. त्या विहिरी दिवाळीपर्यंत पाणी देतात आणि नंतर तळ दाखवतात, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. ते तुला सुचेल. कास्तकार "एकरी चार क्विंटल झाला" म्हणतो तेव्हा तो पहिल्या वेचणीचं सांगतोय की फरदडीसकट, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या पिकासकट, हे तुला विचारता येईल. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले, की फवारणीची वेळ आली असं मानतात. तो सापळा रोज जाऊन न चुकता मोजणारं आणि न मोजता आकडा न लिहिणारं माणूस मिळणं, ही प्रत्येक प्रकल्पप्रमुखाची रोजची अडचण आहे. हवामान केंद्रावर पावसाचं मोजमाप सकाळी साडेआठला घेतात. रविवारीही, पोळ्यालाही. तुझी आई ज्या नेमाने निंदणाला जाते, तोच नेम इथे लागतो.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे आठवून बघ. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. 1983 च्या सुमारास धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ आला. मनगटावरच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. पुढे ते बी सिंदेवाहीच्या केंद्रात पोचलं आणि विद्यापीठाचा पीकेव्ही एचएमटी हा वाण प्रसारित झाला. आपल्याला श्रेय मिळालं नाही, ही खंत मात्र दादाजींनी 2018 साली जाईपर्यंत अनेकदा बोलून दाखवली. या गोष्टीतून मी दोन गोष्टी घेते. बघणारी नजर वावरातूनही येते. आणि जे बघितलं त्याची नोंद आपल्या हाताने, तारखेसह, आपल्या नावाने असली पाहिजे.

म्हणून बाबांचं "कंत्राटी म्हणजे रोजंदारीच" हे मला अर्धं मान्य आहे, अर्धं नाही. मान्य असलेलं आधी सांगते. अकरा महिन्यांची ऑर्डर म्हणजे अकरा महिन्यांचीच. तिच्यात एक ओळ असेल, की या नियुक्तीमुळे कायम सेवेचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही. ती नावापुरती ओळ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी प्रकरणातल्या निकालानंतर नुसतं बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम करा, असा हक्क सांगता येत नाही. "आत शिरलो की कधीतरी पर्मनंट करतील" या आशेवर जाऊ नकोस. मी स्वतः प्रकल्पांवर नऊ वर्षं काढली आहेत. एका ठिकाणी निधी आला नाही म्हणून सलग पाच महिने मानधन नव्हतं. खोलीचं भाडं मी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरलं. दुसऱ्या एका ठिकाणी प्रमुखांची बदली झाली आणि माझं अनुभव प्रमाणपत्र अडकलं. ते मिळेपर्यंत एक चांगली मुलाखत हातची गेली. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगते.

रुजू होण्याआधी प्रकल्पप्रमुखांना नम्रपणे, पण न लाजता विचार. पैसे कोणती संस्था देते? प्रकल्प कधी संपतो, आणि त्याची किती वर्षं उरली आहेत? या वर्षाचा हप्ता विद्यापीठाच्या खात्यात जमा झाला आहे का? गावोगाव फिरायचा खर्च वेगळा मिळणार की 20,000 तूनच करायचा? घरभाडं भत्ता निधी देणाऱ्या संस्थेच्या नियमात असेल, तर ठोक रकमेत तो धरला आहे की वगळला आहे? शोधनिबंध निघाला तर काम करणाऱ्यांचं नाव कुठे असतं? पीएच.डी.ला नोंदणी करायला हरकत आहे का? चांगला प्रमुख या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला, तर तेही तुला कळायला हवंच होतं. आणि अनुभव प्रमाणपत्र शेवटी मागायचं नाही. प्रत्येक ऑर्डर संपली की त्याच आठवड्यात घ्यायचं, त्यात पदाचं नाव, तारखा आणि कोणती उपकरणं हाताळली ते लिहून घ्यायचं. ऑर्डर, हजेरी, मानधन जमा झाल्याचं पासबुकाचं पान, सगळ्याच्या प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवायच्या.

आणखी एक, जे मुलींना कोणी सांगत नाही. बाहेर फिरतीचं काम आहे. कोणासोबत, कोणत्या गाडीने, परत किती वाजता, हे आधी ठरवून घे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे आणि प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं पहिल्या आठवड्यात बघून ठेव. केंद्राच्या बऱ्याच प्रकल्पांत प्रसूती रजेचीही तरतूद असते, तीही विचारून ठेवायची. ऑर्डर छोटी असली तरी हक्क असतात.

आता जे मान्य नाही ते. रोजंदारीत संध्याकाळी मजुरी मिळते आणि दिवस संपतो. इथे दिवस संपल्यावर काहीतरी हाती उरतं, उरवलं तर. पहिल्या वर्षात तुला मातीचा नमुना शास्त्रोक्त कसा घ्यायचा, फ्लेम फोटोमीटर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर कसे चालवायचे, शंभर वावरांची माहिती एक्सेलमध्ये न गोंधळता कशी लावायची, हे यायला हवं. दुसऱ्या वर्षात आकड्यांचं विश्लेषण आणि नकाशे. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तिसऱ्या वर्षी तुझं नाव असलेला एखादा निबंध. एवढं असलेल्या मुलीला पुढचा प्रकल्प शोधावा लागत नाही, एक प्रमुख दुसऱ्याला फोन करतो. मी पाहिलेल्या बहुतेकांचं असंच झालं आहे. नियमित संशोधन सहायकाच्या मुलाखतीत किंवा पीएच.डी.च्या प्रवेशातही हेच बोलतं.

तीन वर्षं परीक्षांत गेली म्हणून तू हळहळतेस. तो अभ्यास सोडायची गरज नाही, फक्त त्याची दिशा थोडी बदल. सीएसआयआर-यूजीसी नेटची जीवशास्त्राची परीक्षा वर्षातून दोनदा असते. जेआरएफ मिळाली तर अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 आहे, वर घरभाडं. तीही दोन वर्षांनी वाढते. महिलांना वयात 5 वर्षांची सवलत आहे. आता नेटच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेशही होतो, जेआरएफ नाही मिळाली तरी. सेट ही राज्याची पात्रता परीक्षा मराठीभाषक मुलांना जरा ओळखीची वाटते, तीही दे. तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती किंवा टीआरटीआय यांपैकी राज्य सरकारची एखादी संस्था तुझ्यासाठी असू शकते, पीएच.डी.ची अधिछात्रवृत्ती आणि परीक्षांचं प्रशिक्षण त्या देतात. महाज्योतीचं मुख्य कार्यालय तर नागपूरलाच आहे. आणि कायम पदासाठी वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. म्हणजे कमीत कमी बारा वर्षं तुझ्याकडे आहेत. जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा. घराण्यातली जमीन कधी धरणात किंवा कालव्यात गेली असेल तर प्रकल्पग्रस्त दाखल्याचंही बघा. गट क आणि ड मध्ये 5 टक्के समांतर आरक्षण आहे आणि विदर्भातली कितीतरी घरं तो दाखला न काढताच बसली आहेत.

पैशाचा हिशेब मी असा मांडते. दोन-तीन मुलींनी मिळून खोली, डबा आणि प्रवास धरून निम्मे पैसे जातील. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याने बराच फरक पडतो; शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून आपल्या भागाला एसटीच आहे. उरलेल्यातून पहिल्यांदा पाच महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला पडू दे, तुझ्याच नावाच्या खात्यात. मानधन अडकलं तर तीच कामी येईल. ती साठल्याशिवाय घरी पैसे पाठवायचं वचन देऊ नकोस. भावाच्या बारावीनंतरचा खर्च समोर दिसतोय आणि तू देशील, हे मला पत्रातूनच कळलं. पण सहा-सात महिने थांब.

स्थळांचं राहिलं. त्यावर फार लिहीत नाही, कारण तुला तो प्रश्न आत्ता तितकासा सतावत नाही असं पत्रावरून वाटलं. तो घरच्यांना सतावतो आहे. आईला सांग, की आलेल्या पाहुण्यांना "विद्यापीठाच्या संशोधन केंद्रावर प्रकल्प सहायक आहे" एवढंच सांगायचं. ते खरं आहे आणि पूर्ण आहे. त्यावर "पर्मनंट का?" असं विचारून जे उठून जातील, त्यांना तुझ्या पुढच्या शिक्षणाशीही फारसं देणंघेणं नसणार.

तर माझं मत असं: रुजू हो. परिचराची आणि सहायकाची जाहिरात निघाली की तिथे राहूनच अर्ज कर, परीक्षा दे, पैसे न देता. वावर आहे तसं राहू दे. एक वर्षाने, ऑर्डर संपायच्या दोन महिने आधी, बसून बघ: नवीन काय शिकलीस, किती साठलं, नेटचा अभ्यास कुठवर आला. तिन्हींपैकी एकही पुढे सरकलं नसेल, तर मला पुन्हा लिही. तेव्हा मी वेगळं सांगेन.

आणि रुजू व्हायला एकटी जाऊ नकोस, बाबांना घेऊन जा. कागदपत्रं झाली की प्रमुखांची परवानगी घेऊन त्यांना केंद्राच्या प्लॉटवर ने. तिथे पऱ्हाटीच्या ओळींपुढे पाट्या लावलेल्या असतात, वाणाचं नाव, अंतर, पेरणीची तारीख. ते पाटी वाचतील, मग वाकून बोंडं मोजतील आणि तुला विचारतील, "हे एवढं दाट कसं काय लावलं?" त्याचं उत्तर तुला त्या दिवशी येणार नाही. विचारून घे आणि रात्री फोनवर त्यांना सांग.